पेन्सिलीने पाडलेला दुष्काळ

अध्यक्षस्थानी असलेल्या आमच्या संचालक बाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, माझ्या आधी बोलून चांगली चांगली विशेषणं संपवून बसलेले दोन्ही वक्ते, समोरचे सहकारी आणि विद्यार्थी, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते, आज कडक इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेले आमचे मिस्त्री, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला सात मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक नमनालाच गेलं. तेव्हा आणखी घडाभर तेल न जाळता मुद्द्यावर येते.

मघाशी चहाच्या वेळी वहिनी म्हणाल्या, की एकतीस वर्षं मी यांच्या केसांतला भुसा झाडतेय, पण हे तिथे नेमकं करतात काय, ते मला कुणी धड सांगितलेलं नाही. वहिनी, आज सांगते. आणि विषय असा आहे, की सांगताना मी अजूनही खुर्चीवर नीट बसू शकत नाही. बरं झालं, उभी आहे.

झाडाच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं, हे आपण शाळेत शिकलो. पण ते वलय बनतं कशाचं? हवेतल्या कार्बनचं. हा कार्बन दोन वजनांचा असतो. बहुतेक सगळा हलका, आणि शंभरात जेमतेम एक भाग जड. झाड लाडावलेल्या पोरासारखं, त्याला हलकाच आवडतो, जड ते शक्यतो बाजूला सारतं. पण पाऊस कमी झाला, की पाणी वाचवायला पानं आपली छिद्रं मिटून घेतात. बाहेरची हवा आत येईनाशी झाली, की कसली आवड आणि कसली निवड? आत असेल ते मुकाट्याने वापरावं लागतं, जडसुद्धा. त्या वर्षीच्या लाकडात जड कार्बन किंचित वाढतो. म्हणजे एकेक वलय सुटं केलं, त्यातली राळ धुऊन काढली, मग ते जाळून यंत्राने मोजलं, तर तीनशे वर्षांपूर्वी ते झाड तहानलेलं होतं का, हे आज कळतं! आणि केसाएवढी बारीक वलयं सुटी करायची, हे मिस्त्रींचं काम. ते इथे कपाटं बसवायला आलेले सुतार. एकदा त्यांनी भिंगाखाली पात्याने वलय कापून दाखवलं, आणि आमच्या तेव्हाच्या सरांनी त्यांना परत जाऊच दिलं नाही.

आता खरी गोष्ट. ही मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी मी इथे विद्यार्थिनी होते. प्रबंधाची मुदत संपायला चार महिने उरलेले आणि हातात सांगण्यासारखं काहीच नाही. पुलाजवळ वादळात पडलेल्या एका झाडाची एकच चकती मिळाली होती, तीनशे बारा वलयांची. आमच्याकडे पद्धत अशी, की मोजणी चुकू नये म्हणून दर दहाव्या, म्हणजे शून्यावर संपणाऱ्या सालाच्या वलयावर सुईने बारीक टोच मारायची. पण मला कुठला धीर! टोच दिसत नाही म्हणून मी पेन्सिलीने चांगल्या ठळक रेघा ओढल्या. मिस्त्री रजेवर होते, तर वलयंही मीच कापली.

आकडे आले आणि मी वेडी व्हायचीच बाकी राहिले. दर दहा वर्षांनी आकडा टुणकन उडी मारत होता. दर दहा वर्षांनी दुष्काळ! सरांनी पाठ थोपटली, परिषदेत व्याख्यान ठरलं, वडिलांनी तर सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. सगळ्यांनी मिळून मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही चढले.

रजेवरून आलेल्या मिस्त्रींनी भिंतीवरचा तो आलेख बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ताई, प्रत्येक दुष्काळ शून्यावर संपणाऱ्या सालातच कसा? झाडाला आपलं कॅलेंडर कुठून कळलं?"

मी काय उत्तर द्यावं? चार विद्यार्थ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही रंधा चालवा. विज्ञान आम्ही बघतो."

चार दिवसांनी माझ्या टेबलावर एक खोका आला. त्याच चकतीच्या दुसऱ्या बाजूने, जिथे माझी पेन्सिल पोचली नव्हती, तिथून तीच दहावी वलयं त्यांनी कापून आणली होती. प्रत्येक पुडीवर साल लिहिलेलं. एवढंच म्हणाले, की सुतार पॉलिशच्या आधी पेन्सिलीची रेघ तासून काढतो, कारण ती लाकडात मुरते, धुऊन जात नाही. मी त्यांना खोटं पाडायलाच ती वलयं मोजायला घेतली. एकही उडी नाही! अहो, पेन्सिलीच्या शिशात असतं काय? कार्बनच की, आणि तोही झाडातल्यापेक्षा जड! महिनाभर मी झाड सोडून पेन्सिल मोजत बसले होते.

पायाखालची जमीन सरकली. पण गंमत पुढेच आहे. त्या खोट्या उड्या काढल्यावर, इतके दिवस ज्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं ते दिसायला लागलं. सलग सात वर्षं, एकामागून एक, झाड तहानलेलं! पाऊस मोजायची सोय होण्याच्या शंभर वर्षं आधीची, कुठल्याही कागदावर ज्यांची नोंद नाही अशी ती सात वर्षं. मी प्रयोगशाळेत नाचले, शप्पथ सांगते. त्याच सात वर्षांवर मला पदवी मिळाली आणि पुढे ही नोकरीही.

बाई, मुलाखतीच्या खोलीत तुम्ही होतात. पेन्सिलीची चूक पकडलीत कशी, असं तुम्ही मला विचारलं होतंत. मी म्हणाले, आकडे पाहून मला संशय आला. तुम्ही खूश होऊन मान डोलावलीत. नव्या मुलांना तुम्ही अजून माझ्या काटेकोरपणाचं उदाहरण देता. बाई, मला फक्त राग आला होता. संशय यांना आला होता. आता माझ्याबद्दल तुमचं मत बदललं, तर माझी तक्रार नाही.

आमचा तो शोधनिबंध ज्या नियतकालिकात छापला गेला, त्यांना मी गेल्या महिन्यात दुरुस्ती पाठवली. काल होकार आला. लेखकांमध्ये आता मिस्त्रींचं नाव आहे, माझ्या आधी. टाळ्या नंतर वाजवा हो, माझी मिनिटं खाताय. ते पत्र आज सकाळी मी त्यांना वाचून दाखवलं. वाटलं, हरखून जातील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "नाव घातलंत, बरं वाटलं ताई. पण त्या दिवशी चार पोरांसमोर बोललात, ते मला फार लागलं होतं."

एकोणीस वर्षं रोज सकाळी मी त्यांना चहा झाला का विचारत आले. ते बोलणं लागलं का, हे एकदाही विचारलं नाही.

हा समारंभ घडवून आणल्याबद्दल संस्थेची आणि शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांची मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, वेळ जास्त झाला असेल, तर मोठ्या मनाने सोडून द्या. एवढं सगळेच वक्ते म्हणतात. पण माझी एक चूक माफ करणं या सभागृहाच्या हातात नाही. चौघांसमोर बोलले होते, म्हणून आज या दोनशे माणसांसमोर म्हणते. मिस्त्री, माझं चुकलं. मला माफ करा.