शालूबाईंचे एकशे सव्वीस हातचे

सन्माननीय अध्यक्ष, आपले सरपंच दत्तोबा. व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेले मान्यवर. आजचे सत्कारमूर्ती, तलाव-ऑफिसचे कारकून रखमाजी आबा. आणि नवलाख उंबरे गावच्या माता-भगिनी व बंधूंनो!

आबांच्या गुणांचं वर्णन मी पामरानं काय करावं? परंतु नऊ वर्षांपूर्वीचं एक पाप पोटात आहे, ते आज सांगून टाकतो. बासष्ट सालच्या भाताच्या आवणीत ऑफिसचं बेरजेचं मशिन बंद पडलं, त्यात मशिनचा दोष नव्हता. मी तेव्हा नवा ओव्हरसिअर. लोणावळ्याहून आणलेली चिक्की मशिनवर ठेवली. दमट हवेत ती पाघळून बटणांत उतरली. आठ दाबलं की नऊही खाली जायचं! आबा, आपण मला कधी विचारलं नाहीत, हे आपलं मोठेपण.

तलाव काठोकाठ भरलेला. त्यात येणाऱ्या दोन ओढ्यांच्या पाण्याच्या महिनाभराच्या, तासातासाच्या नोंदी, चौदाशे चाळीस आकडे! पाचच्या आत बेरीज आली नाही तर तलावाचे दरवाजे उघडतो, असा साहेबांचा निरोप. दरवाजे उघडले की खालची नुकती लावलेली भातं वाहून जाणार. घड्याळात साडेबारा. मी रडायच्या बेतात होतो. खरं सांगायचं तर रडलोच.

आबा वह्या घेऊन बांधावर गेले. पाच खाचरांत आवणी चाललेली, प्रत्येकात सहा बाया ओळीनं. आबांनी आकडे पाच खाचरांत सारखे वाटले आणि दर बांधावर पुकारायला एकेक जण उभा केला.

"काम थांबवू नका गं," आबा म्हणाले. "ही एककाची, तिच्या शेजारची दशकाची, मग शतक, मग हजार, अशी लाखापर्यंत. आकडा पुकारला की जिनं तिनं आपल्या घरातल्या आकड्याएवढी रोपं लावायची. धा झाली की शेजारणीला म्हनायचं, 'घे गं एक', आन् पुन्हा पहिल्यापासनं."

ओळीतली हिरी ओरडली, "आबा, मला ईसाच्या म्होरं येत न्हाई!"

"तुला धाच्या म्होरं जायाचंच न्हाई, हिरे!"

मुंबईत म्हणे बेरजा करणारं खोलीएवढं यंत्र आलंय. पण त्याला भात लावता येतं का? आमच्याकडे पाच बेरजा एकदम, वर आवणीही उरकत होती.

साडेचारला चार खाचरांच्या बेरजा जवळपास सारख्या आल्या. पाचवी मात्र फारच थिटी. का? तिथं शतकाला शालूबाई आणि हजाराला धोंडाबाई. दोघी जावा. कोंबडीनं अंडं कुणाच्या खुराड्यात घातलं, यावरून चार वर्षं अबोला! शालूबाईंनी एकही हातचा पुढं दिला नव्हता. दर हातच्याला एक रोप कमरेला खोचत राहिल्या होत्या. बाई दिसत नव्हती, नुसतं भात दिसत होतं. हसू नका, शालूबाई समोरच बसल्यात.

मी म्हटलं, "आबा, आहे तो आकडा कळवू."

आबा कडाडले, "आन् तलाव फुटला म्हंजी? गाव कुटं शोधशील?"

धोतर खोचून ते दोघींच्या मधे चिखलात उतरले. शालूबाई म्हणायच्या, "सांगा तिला, घे एक." आबा रोप धोंडाबाईंच्या हाती द्यायचे, "घे गं एक." एकशे सव्वीस वेळा! पाचला दोन मिनिटं असताना पाचांची मिळून बरोबर बेरीज फोनवर गेली. ती धोक्याच्या आत निघाली, दरवाजे बंद राहिले आणि भातं वाचली.

पुढं मशिन दुरुस्त झालं, तरी आबांचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. दर आवणीला ताळा बायांकडूनच, आणि मधे आबा उभे. गेल्या साली त्यांना ताप आला म्हणून मी उभा राहिलो, तर दोघींनी मिळून मला चिखलात बसवलं. मिळून, पण न बोलता! आता आबा निवृत्त होऊन लेकीकडे परंदवडीला निघाले. मधे कोण? महिनाभर मला हीच काळजी होती.

आज सकाळी हार ओवायला घेतला. फुलांची परडी शालूबाईंकडे, सुई धोंडाबाईंकडे. मधे कुणी नाही. दोघींची तोंडं भिंतीकडं. मग शालूबाईंनी एक झेंडू उचलला आणि भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाल्या, "घे गं एक."

धोंडाबाईंनी घेतला.

असो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. चिक्कीचं मोठ्या साहेबांना कुणी सांगू नका, असं म्हणणार होतो. पण साहेब व्यासपीठावरच बसलेत, हे आत्ता दिसलं. साहेब, आपणही पोटात घालावं.

आबा, मान जरा खाली करा. हार घेऊन दोघी येताहेत.