डबा कुठे ठेवलास?

सन्माननीय अध्यक्ष आणि आमच्या बॅग कारखान्याचे मालक, त्यांच्या शेजारी बसलेले कापडाचे व्यापारी, ज्यांच्या निरोपासाठी आज मशिनी दुपारीच बंद झाल्या त्या आमच्या कटिंगच्या सुपरवायझर बाई, माझे सोबती, त्यांच्या घरची माणसं आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी आई, सर्वांना माझा नमस्कार.

आईचा उल्लेख वेगळा केला, कारण आजच्या भाषणात तिचंही काम आहे. ते तिला अजून माहीत नाही.

मला बोलायला उभं केलं हा माझा सन्मान आहे की माझी गंमत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माझी शाळा आठवीत सुटली. म्हणून हे भाषण मी लिहून आणलं आहे आणि त्याचं शुद्धलेखन तपासून घेतलं आहे. ऐकताना ते तुम्हाला दिसणार नाही, पण मला बरं वाटतं.

बाईंविषयी मी काय वेगळं सांगणार? त्यांची कात्री सर्वांना माहीत आहे. ती कापडावर जितकी सफाईने चालते तितकीच आमच्या बोलण्यावर. माणूस कारण सांगायला लागला की त्या मधेच म्हणतात, ‘पुढे बोल.’ पाठीमागे आम्ही त्यांना कातरबाई म्हणतो. बाई, हे तुम्हाला माहीत आहे हेही आम्हाला माहीत आहे.

पाहुण्यांसाठी आमच्याकडची एक पद्धत सांगतो. नवीन माणूस कामावर लागला की बाई त्याला उरलेल्या कापडाचा ढीग दाखवतात आणि स्वतःसाठी एक बॅग शिवायला सांगतात. नमुना नाही, माप नाही. मनाला येईल तशी. मग महिनाभर तीच बॅग खांद्याला लावून यायचं-जायचं. महिना संपला की जेवणाच्या सुट्टीत ती कटिंगच्या मोठ्या टेबलावर ठेवायची आणि तिच्यामुळे आपल्याला काय कळलं ते सांगायचं. बॅगेबद्दल नाही, स्वतःबद्दल. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. हसायला परवानगी आहे.

आमचा चेन बसवणारा गडी आहे. तोंड बंद नसतं म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणतात. त्याने ऐसपैस, मोठ्या तोंडाची बॅग शिवली आणि महिन्याने टेबलावर काहीच ठेवलं नाही. कोणी ना कोणी मागत गेलं, हा देत गेला, बॅग कुठे पोचली ते त्यालाच ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, ‘बाई, मला नाही म्हणता येत नाही.’ बाईंनी त्याला दुसरी बॅग शिवायला लावली. ती तो अजूनही सगळ्यांना देतो, पण पट्ट्यावर त्याने आपलं नाव शिवलं आहे आणि संध्याकाळी न लाजता परत मागतो. एवढ्यावरून माणूस बदलतो का? बदलत नाही. पण आपण कुठे उसवतो ते कळलं की तिथे दुहेरी टीप मारता येते.

माझी बॅग? तिला चौदा कप्पे होते. सुईला वेगळा, छत्रीला वेगळा, ओल्या छत्रीला आणखी वेगळा. आतली एक टीप वाकडी नव्हती. मी टेबलाजवळ उभा राहून ताठ मानेने सांगितलं की मी फार काळजीपूर्वक काम करणारा माणूस आहे. बाईंनी बॅग उघडली, मिटली आणि विचारलं, ‘डबा कुठे ठेवलास?’

डबा माझ्या हातात होता. महिनाभर मी तो हातातच आणत होतो. इतक्या कप्प्यांत डब्याला जागा उरली नव्हती आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या दिवशी हसण्याच्या परवानगीचा सगळ्यांनी पुरेपूर लाभ घेतला.

आता मुख्य गोष्ट. मागच्या महिन्यात मालकांनी मला बोलावून सांगितलं की बाईंच्या जागी सुपरवायझर म्हणून ते माझा विचार करत आहेत. महिनाभर बाईंच्या देखत काम पाहावं आणि निरोपाच्या दिवशी होय की नाही ते सांगावं. मालक, त्या दिवशी मी तुमच्या काचेच्या दारावर आपटलो तो आनंदाने. ही जागा मला कामावर लागल्यापासून हवी होती. मी आईला सांगितलं. आईने फक्त शेजारच्या काकूंना सांगितलं. संध्याकाळपर्यंत जिन्यात मला लोक साहेब म्हणायला लागले.

दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, मी हे काम घेऊ का? त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘मला कशाला विचारतोस? बॅग शिव.’

मी म्हटलं, आता फसायचं नाही. सुपरवायझर मोकळ्या मनाचा असायला हवा, तर आपली बॅगही तशी हवी. म्हणून एकही कप्पा नसलेली, रेडिओच्या बॅगेसारखी बॅग शिवली. डब्याला जागाच जागा. पहिल्याच संध्याकाळी घराच्या किल्लीसाठी मला सगळी बॅग पायरीवर ओतावी लागली. आतून आईने विचारलं, ‘दुकान मांडलंयस का बाहेर?’ चार दिवस दुकान मांडलं. पाचव्या दिवशी गुपचूप किल्लीला कप्पा लावला. मग पेनाला. मग राहवलं नाही.

तिकडे कारखान्यात मी प्रत्येक मशीनच्या मागे उभा राहून प्रत्येक टीप बघत होतो. मी आलो की बायका कामावर हात ठेवायच्या, शाळेत शेजाऱ्यापासून पाटी झाकतात तशा. काम मागे पडत चाललं होतं. मी अजून जवळून बघायला लागलो. आणखी मागे पडलं.

अशात नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. एक पाना काढायला त्याने गोणीतलं सगळं सामान फरशीवर ओतलं. मी त्याच्याजवळ बसलो आणि विचारत सुटलो. पहिल्यांदा काय लागतं, कुठल्या हाताने काढता, जिना चढताना काय टोचतं? पुढचे दोन दिवस मी कोपऱ्यात त्याची बॅग शिवत होतो. कोणाच्याही मागे उभा राहिलो नाही. त्या दोन दिवसांत मागे पडलेलं सगळं काम पूर्ण झालं. ही बातमी मला रेडिओने आणून दिली आणि फार आनंदाने दिली. कोणाचा दोरा संपला, कोणाचं मूल आजारी आहे, हे सगळं तो बडबडत बडबडत निस्तरत होता.

प्लंबर आला. बॅग खांद्याला लावली, माझ्याशी बोलता बोलता न बघता आत हात घातला आणि पाना बाहेर काढला. मी तुम्हाला सांगतो, साहेब म्हणवून घेताना मला असा आनंद एकदाही झाला नव्हता.

मला वाटत होतं, कप्पे जास्त झाले ही माझी चूक. ती नव्हतीच. बॅग कोणाची, ती दिवसभर काय घेऊन फिरते, हे मी विचारलं नव्हतं. बॅगेच्या बाबतीत नाही आणि स्वतःच्या बाबतीतही नाही. मोठं व्हायचं म्हणजे बाईंच्या जागेवर जायचं, एवढाच एक नमुना मी पाहिला होता.

मालक, आज उत्तर द्यायचं होतं. उत्तर नाही असं आहे, पण त्याला एक कप्पा जोडलेला आहे. खिडकीजवळच्या ज्या टेबलावर सध्या कापडाचे गठ्ठे पडलेले असतात, ते मला द्या. मी तिथे नमुन्याच्या बॅगा करतो. प्लंबरची झाली, पुढे नर्सची करू, गवंड्याची करू. आणि सुपरवायझर कोण, हे ठरवणारा मी कोण? मी फक्त रेडिओकडे बघतो आहे.

आता आईकडे बघायचं राहिलं. गेले काही दिवस मला याचीच धास्ती होती. पण ती तर हसते आहे. ती काय म्हणाली ते मागे ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. ती म्हणाली, ‘सुटली बिचारी माणसं.’

आई, जिन्यातल्या लोकांना तूच सांग.

बाई, तुम्ही आम्हा सगळ्यांच्या बॅगा टेबलावर ठेवून घेतल्यात. तुमची कधी ठेवली नाहीत. म्हणून आमच्या सर्वांतर्फे ही भेट. उघडून बघा. उरलेलं कापड आहे, प्रत्येकाने आपल्या आवडीचा तुकडा निवडला आहे. नमुना नाही, माप नाही. स्वतःसाठी शिवा, महिनाभर वापरा आणि मग एखाद्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत या. आम्ही तोंड उघडणार नाही. रेडिओनेही कबूल केलं आहे. फक्त डब्याला जागा ठेवू नका. त्या दिवशी तुमचा डबा आम्ही आणणार आहोत.

अध्यक्षांनी वेळ दिला, तुम्ही सर्वांनी कान दिले, मी मनापासून आभारी आहे. लिहिण्यात चूक सापडणार नाही याची काळजी घेतली आहे. बोलण्यात जिथे घसरलो असेन, तिथे आपलं समजून सोडून द्या.