ओल्या फरशीची तक्रार

मी, खाली सही करणारी, वय ५४ वर्षे, धंदा दुभाषी, राहणार वाचनालयामागची गल्ली, दुसरा मजला. आज सकाळी अकरा वाजता, कोणी बोलावले नसताना, पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

शेजारच्या देशाच्या आणि आपल्या भावी नेत्यांची तीन दिवसांची परिषद काल संपली. विषय श्रमाची प्रतिष्ठा. चाळीस भावी नेते होते, पण एकानेही स्वतःचा कप उचलून ठेवला नाही. ते काम सफाईवाल्या मावशींचे, यावर चर्चेची गरज पडली नाही. मी काचेच्या खोलीत बसून त्यांची भाषणे या भाषेतून त्या भाषेत करत होते. मुळात पोकळ असलेले भाषांतरातही पोकळच राहते, हे अनुभवाने सांगते.

काल ११.४० वाजता समारोपाच्या फोटोत मधे कोण उभे राहणार यावरून दोन्ही देशांच्या गटप्रमुखांत जुंपली. आपला म्हणाला, "यजमान आम्ही, मधे मीच." पाहुण्याने कोपर मारले, याने ढकलले. पाहुणा व्यासपीठावरून खाली पडला आणि मनगट मोडून घेतले. हे मी काचेतून पाहिले. मावशी तेव्हा माझ्या खोलीत पाण्याचा जग ठेवत होत्या. "लाज नाही मेल्यांना," एवढेच त्या म्हणाल्या.

पाच मिनिटांत दोघे एक झाले. मावशींनी फरशी ओली ठेवली म्हणून पाय घसरला, असे ठरले. तीन दिवसांत झालेला तेवढाच करार. व्यासपीठावर गालिचा आहे आणि गालिचा कोणी ओल्या फडक्याने पुसत नाही. पण बघायला जातो कोण?

पाहुण्याला आपली भाषा येत नाही. त्याची तक्रार काल दुपारी याच टेबलाशी मी आपल्या भाषेत सांगितली. हवालदारांनी विचारलेही, "बाई, तुम्ही तिथंच होता ना?" मी म्हणाले, "मी फक्त दुभाषी." आमच्या धंद्यात पदरचा शब्द घालायचा नसतो. आज सकाळी मावशींना कामावरून काढून इथे आणले.

त्या दोघांचा मला राग नाही, तेवढी त्यांची लायकी नाही. माझी मला लाज वाटते. आत येताना मावशींनी बाकावर सरकून मला जागा दिली आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात, तुम्ही पाहिलंय ना सगळं." काल तक्रार कोणाच्या तोंडून निघाली, हे त्यांना ठाऊक नाही. इथून बाहेर पडल्यावर ते मीच सांगणार आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो बरोबर असून, सगळे शब्द माझे आहेत.

सही