वायफायचा प्लग

रंजनाताई, सूनबाईला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली तर श्रावणभर खोटं बोलणार नाही, असा नवस मी केला होता. लागली की! राजुरीतूनच, घरून काम करते. श्रावणी सोमवारी मिक्सर लावायला मी वायफायचा प्लग काढला, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बदल करायचं तिचं काम अर्ध्यात तुटलं आणि अ‍ॅपच बंद पडलं. मीटिंगमध्ये ती म्हणाली, “चूक माझी.” प्लगचं मी सांगितलंच नाही.

नंतर विचारलं, “साहेब लई बोलले का गं?”

“न्हाई आई. आमच्यात कुणी केलं ते विचारत न्हाईत. परत होऊ नये म्हणून काय करायचं, ते विचारतात.”

सकाळी प्लगवर चिठ्ठी चिकटवलेली: ‘आई, काढायच्या आधी हाक मारा.’

मान वर होईना. खोटं बोलले नव्हते, पण खरं तरी कुठं बोलले? आता नेम धरलाय, चूक आपणहून सांगायची. तुम्हीही धरा ना, ताई.