ताब्याचा अर्ज

न्यायालयाच्या व्हरांड्यात आपल्या पाळीची प्रतीक्षा करणाऱ्या वृद्ध गुरुजींच्या कानी शेजारच्या बाकावरील दीर-भावजयीचे बोलणे पडत होते.

“भाऊजी, दिवाळखोरीत गेलेल्या कारखान्याचा ताबा आपल्याकडेच राहावा म्हणून हा कितवा अर्ज?”

“मोजायचं सोडलंय, वहिनी. दादा काही तिथून हलत नाही.”

“बाहेर पाऊल टाकलं की कुलूप लागेल म्हणतात. काल छातीत कळ आली, तरी दवाखान्यात येईनात. ‘डॉक्टरलाच इथे भरती करा,’ म्हणे!”

“जन्माचा हट्टी!”

“पुकाऱ्याला हजर नसलो, तर अर्ज फेटाळतात ना?”

“हो. मग आजच दादाला बाहेर काढतील.”

“काढू देत. दवाखाना कारखान्यासमोरच आहे.”

“वहिनी, तो आयुष्यभर माझं तोंड बघणार नाही.”

“आधी आयुष्य तर राहू दे त्यांचं.”

शिपायाने कारखान्याच्या अर्जाचा पुकारा केला. गुरुजींनी वळून पाहिले; दोघेही खाली मान घालून बसून होते.