नव्या गाडीच्या तळाला भोकं

तुम्ही मला हट्टी म्हणता ना, मग कलकत्त्याजवळच्या डमडमच्या त्या गाडीची गोष्ट ऐकाच. सत्तर सालच्या आसपास आमच्या मंडळाने फिरता दवाखाना काढला होता. जीपमागे जोडायची नवी कोरी गाडी आणि आत सुया उकळायला गॅसची शेगडी. उद्घाटनाच्या सकाळी मी आत पाऊल टाकलं आणि गॅसचा वास आला.

हरिपद मिस्त्रीकडून सिलिंडर आणि नळी बाहेर मैदानात आणवली. त्याला म्हटलं, "नळी तपासा, सिलिंडरची पेटी बाहेरून बसवा आणि गाडीच्या तळाला चार भोकं पाडा."

आमचे सेक्रेटरी नाना, माझ्या यजमानांचे मित्र, हार घेऊन धावत आले. "वहिनी, नव्या गाडीला भोकं? वर दोन खिडक्या आहेत की!"

"गॅस हवेपेक्षा जड असतो, नाना. तो पायाशी साचतो. आणि तिथे नर्स काडी ओढणार."

"पाहुणे निघालेत. फीत कापू द्या, मग बघू."

"फीत उद्या कापा. आज गाडी हलणार नाही."

नानांनी आवाज खाली आणला. "वहिनी, माधवला जाऊन दोनच महिने झालेत. अशा वेळी नसते भास होतात. मला तर कसलाच वास आला नाही. तुम्ही घरी जाऊन पडा जरा."

तेवढ्यात हरिपदने नळीला साबणाचा फेस लावला आणि एका चिरेतून बुडबुडे येऊ लागले. मी नानांना ते दाखवले.

"नवरा गेलाय माझा, नाना. नाक शाबूत आहे."