पत्र्यावर कोण चालतंय

...आणि पुस्तक घरी न्यायचं नाही म्हणे. नवं आहे, एकच प्रत आहे, इथेच बसून वाचा, साडेचारला कुलूप. आता तुम्हीच सांगा, मी शिकवते ती शाळा सुटते चारला, टेकडी उतरून वाचनालय गाठेपर्यंत चार दहा, म्हणजे हातात वीस मिनिटं, त्यातली पाच धाप लागण्यात जातात, मग वाचायचं कधी?

कितीतरी वर्षांनी आमच्या गावच्या वाचनालयात नव्या पुस्तकांचं खोकं आलं, आणि त्यात नेमकी ही भयकथा माझ्या हाती लागली. एकटी बाई, डोंगरातलं घर, आणि पत्र्यावर कुणीतरी चालतंय. रोज दहा पानं. पान दोनशे बाराला ती बाई शिडी लावते, वर डोकं काढते, आणि... ग्रंथपाल कास्युपा किल्ल्या वाजवत हजर. "आतुगानिले बाई, आता सोमवारी."

तुम्हाला सांगते, ते दोन दिवस मी कसे काढले... झाडावरचा ॲव्होकाडो पत्र्यावर पडला की मक्याच्या पिठाच्या उगालीचं पातेलं टाकून मी अंगणात. आमचे हे, आंबाकिस्ये, जेवता जेवता म्हणतात, "एवढी घाबरतेस तर वाचतेस कशाला?" म्हटलं, "घाबरले म्हणूनच पुढचं वाचायला हवं. शिडीवर अडकलेय मी." तर म्हणतात, "मग उतर आणि मीठ वाढ."

सोमवारी परीक्षा, मंगळवारी पालकसभा. वाचायचं कधी, सांगा ना. शेवटी मंगळवारी मुख्याध्यापिका मवाइपोपो मॅडमना म्हटलं, "उद्या दाढ काढायचीय." चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जा. मीही नाहीये उद्या. जिल्हा शिक्षण कार्यालयात दिवसभर मीटिंग." या मॅडम म्हणजे, उशीर झाला तर शिक्षकांनासुद्धा मैदानात उभं करतात. खोटं पकडलं असतं तर बदली थेट दूर टांगानिका सरोवराच्या काठावर.

बुधवारी सकाळी गालाला रुमाल बांधून वाचनालयात शिरले. कोपऱ्यातल्या बाकावर माझं पुस्तक उघडं, आणि पुस्तकामागे मवाइपोपो मॅडम.

मी उलट वळणारच होते. पण बघते तर त्यांनीच पुस्तक तोंडापुढे धरलं. मग त्या म्हणाल्या, "दाढ कशी आहे?"

"बरी आहे, मॅडम. मीटिंग?"

"चालू आहे." आणि बाकावर जरा सरकल्या. "कुठवर आलात?"

"शिडीवर."

"मीही."

मग काय, दोघींची डोकी एकाच पुस्तकात. ती बाई वर बघते तेव्हा मॅडमनी माझं मनगट असं धरलं की नखं उठली. चहा नाही, पाणी नाही, एकदाचं शेवटचं पान आलं. पत्र्यावरचा तो खाली उतरतो, दारावर थाप पडते, आणि... 'पहिला भाग समाप्त.'

कास्युपा म्हणाले, "दुसरा मागवू की. या अर्जावर नाव लिहा, पहिला भाग कोणत्या तारखेला, किती वाजता वाचला ते लिहा, खाली सही. अर्ज जिल्हा शिक्षण कार्यालयात जातो."

मॅडमनी उघडलेलं पेन बंद केलं. मी गालावरचा रुमाल घट्ट केला.

आता शाळेच्या पत्र्यावर कावळा जरी उतरला तरी प्रार्थनेच्या रांगेत आम्ही दोघी एकदम वर बघतो. विचारलंच कुणी, तर आम्ही ते पुस्तक वाचलेलं नाही.